सकाळच्या चार गोळ्या

नगरच्या कार्यालयातून अभ्यासाचा छापील अहवाल आला, तेव्हा सत्यशीलाआत्याने तो दोन दिवस कपाटावर तसाच ठेवून दिला. तो इंग्रजीत होता. तिसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले, तशी तिने पिठाचे हात पदराला पुसले, अहवाल माझ्यापुढे ठेवला आणि यात किती माणसं धरली आहेत ते बघ म्हणाली.

मी बघितलं. दोनशे बारा रुग्ण घेतले होते. निकाल दोनशे अकरांचा काढला होता. उरलेल्या एकाबद्दल पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती : औषध घेतल्याची नोंद भरवशाची नसल्याने वगळला.

"तो बिभीषणभाऊ," आत्या म्हणाली. मग तिने विचारलं, "आन् गोजरबाई?"

अशा अहवालात कुणाचंच नाव नसतं, हे आत्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी मी सगळे तक्ते पुन्हा चाळले. वय, वजन, किती महिने उपचार, किती जण बरे झाले, किती जणांना पुन्हा आजार झाला, किती जणांचा संपर्क तुटला, किती वारले. मी नाही म्हणून मान हलवली. तिने अहवाल घेतला, पुन्हा कपाटावर ठेवला आणि राहिलेली भाकरी थापायला बसली.

आत्या पाथर्डी तालुक्यातली. तिचे आईवडील, म्हणजे माझे आजीआजोबा, दरवर्षी दिवाळी झाली की ऊस तोडायला जायचे आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत यायचे. आत्या मामाकडे राहून बारावीपर्यंत शिकली. जवळच्याच गावात आबासाहेबांशी तिचं लग्न झालं. थोडी बाजरी, थोडी कपाशी, दोन शेळ्या. चाळिशी उलटल्यावर तिला हे काम मिळालं. नगरमधल्या काही डॉक्टरांनी एक अभ्यास सुरू केला होता. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांना टीबी झाला तर त्यांचे उपचार पुरे होतात का, पुरे झाल्यावर ती बरी राहतात का, आणि पुन्हा आजार कुणाला होतो, का होतो, हे त्यांना बघायचं होतं. गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळत. पण माणूस सहा महिने एका जागी नसतो. आज राहुरीकडे, महिन्याने आणखी कुठे. त्याच्या मागे जाऊन त्याचं वजन करणारं, गोळ्या घेतल्या का ते बघणारं, प्रश्न विचारून कागद भरणारं कुणीतरी हवं होतं. त्यासाठी त्यांनी गावागावांतल्या बायका घेतल्या.

इतरांच्या कागदांवर बऱ्याच नावांपुढे 'संपर्क तुटला' असं लिहिलेलं असायचं. आत्याकडे अडतीस माणसं होती, आणि एकाच्याही नावापुढे ते दोन शब्द नव्हते. कुठली टोळी कुठल्या कारखान्याला गेली हे तिला तोंडपाठ असायचं. मुकादमांचे नंबर तिच्या मोबाईलमध्ये होते. एसटीने जायची, उतरून उसाच्या गाड्या ज्या बाजूने येतात त्या बाजूला चालू लागायची. खांद्यावरच्या पिशवीत वजनकाटा, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला. काटा ठेवायला ती आधी सपाट फरशी शोधायची, आणि दुसऱ्याला उभं करण्याआधी स्वतः त्यावर उभी राहायची. आपलं वजन बरोबर आलं की मग तो काटा खरा.

आणि ती चहा प्यायची. ज्याला टीबी आहे त्याच्या पाल्याच्या खोपीवर येणारे काही जण नुसते उभे राहूनच परत जायचे. चहा न घेता गोळ्या मोजल्या तर आपण पोलीसच झालो की, असं ती म्हणायची.

बिभीषणचं नाव तिच्याकडे २०२२च्या दसऱ्यानंतर आलं. आत्याच्या गावापासून सहा-सात किलोमीटरवरचा, चव्वेचाळीस वर्षांचा, उंच, कमी बोलणारा माणूस. दोन महिने खोकत होता. दवाखान्यात बेडका तपासला, टीबी निघाला. वजन भरलं एक्कावन्न किलो. त्या वजनाला रोज सकाळी चार गोळ्या, एकदम. अठ्ठावीस गोळ्यांचं एक पाकीट, म्हणजे सात दिवसांचं. अशी सव्वीस पाकिटं.

त्याची बायको गोजरबाई शेजारीच बसली होती. किरकोळ अंगाची, कपाळावर हिरवं गोंदण, हसताना तोंडावर हात न घेणारी. आत्याने पाकीट दाखवून गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावलं, तेव्हा ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "ह्यांला जन्मात कदी चौथी भाकर मागायचं धाडस झालं न्हाई. आता बसा म्हणावं, चार-चार खात."

बिभीषणही हसला. घरात आणखी कुणाला खोकला आहे का, हे आत्याने तेव्हाही विचारलं होतं. नव्हता. गोजरबाईला तेव्हा खरंच नव्हता. पोरगी ज्योती शेवगावकडे दिलेली, घरात ही दोघंच.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोन महिने विश्रांती सांगितली होती. पण टोळीचं ठरलं होतं, आणि ऊसतोडीत माणूस एकेकटा धरत नाहीत. नवरा ऊस तोडतो; बायको त्याचं पाचट, म्हणजे वाळका पाला, काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. दोघांचं मिळून एक काम, मुकादमाकडे दोघांची मिळून एक नोंद. एक जण पडला की दुसऱ्याला जागा नाही. बिभीषणला गोळ्या चालू आहेत, तो हळूहळू तोडेल, असं गोजरबाईने मुकादमाला पटवलं. त्याच्या वाट्याचंही मी ओढीन म्हणाली. दिवाळीनंतर टोळी राहुरीकडे गेली.

आत्या डिसेंबरात तिकडे पोचली, तेव्हा कालव्याच्या कडेला बारा खोपी पडल्या होत्या. दुपारची वेळ. गाड्या भरून गेल्या होत्या आणि माणसं घटकाभर टेकली होती. सूर्यभान मुकादम मोटारसायकलवर बसल्या बसल्या फोनवर बोलत होता. आत्याला काटा काढताना बघून त्याने फोन खाली घेतला. "म्याडम, एकेकाचं काय करत बसता? टायरगाडीत बसवतो समदी, कारखान्याच्या काट्यावर घाला. एकदाच काय ती पावती निघंल."

सगळे हसले. बिभीषणचं वजन अर्ध्या किलोने वाढलं होतं. मग बाकीच्यांनाही काट्यावर उभं राहायची हौस आली. गोजरबाई उभी राहिली. साडेछत्तीस. आत्याच्या कागदावर तिच्या वजनाला रकाना नव्हता. तरी सवयीने आत्याने वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने तो आकडा लिहिला.

गोजरबाईने रिकामी पाकिटं तारेत ओवून खोपीच्या मेढीला लटकवली होती. ती काढून तिने आत्यापुढे मांडली. "घ्या हजेरी." एकही गोळी मागे राहिली नव्हती. आत्याने बिभीषणला जरा बाजूला घेऊन लघवीचा रंग विचारला. या गोळ्यांनी लघवी तांबडी होते. न घेता घेतल्या म्हणणारा तिथे सापडतो. तांबडी होते, तो म्हणाला.

मग राहिलेले प्रश्न. खोपीत दोघं वाकून शिरली तर तिसऱ्याला जागा नसायची, म्हणून प्रश्न बाहेरच विचारले जायचे, सगळ्यांत. भूक लागते का? ताप? झोप? सोबत राहणाऱ्या कुणाला खोकला?

शेवटच्या प्रश्नाला बिभीषणने बायकोकडे बघितलं. गोजरबाईने मुकादमाच्या मोटारसायकलकडे. तिला त्याच वेळी उबळ आली. ती वळून खोकली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "पाचटाची धूळ हाय, बाई."

"हितं कोन खोकत न्हाई?" शेजारच्या खोपीतला एक जण म्हणाला. "बैलं सुदिक खोकत्यात."

पुन्हा हसू झालं. आत्याही हसली. तिची आई दिवाळीपासून पाडव्यापर्यंत असंच खोकायची आणि गावी आली की पंधरा दिवसांत तिचा खोकला जायचा. उसातला खोकला हा खोकला नव्हेच, हे आत्या लहानपणापासून जाणून होती. बाहेरून आलेल्या एखाद्या बाईने कदाचित पुन्हा विचारलं असतं. आत्याने 'नाही' वर खूण केली आणि चहा घेतला.

फेब्रुवारीत ती पुन्हा गेली. बिभीषण बरा दिसत होता. गोजरबाईही. तिने स्वतःहून काट्यावर पाय ठेवला. अडतीस भरलं. भाकरी तीच आणि वजन कसं वाढलं, म्हणून आत्याने तिला चिडवलं. राहुरीचं पाणी मानवलं, असं गोजरबाई म्हणाली. आत्याने पुठ्ठ्यावर पहिल्या आकड्याखाली दुसरा लिहिला.

एप्रिलमध्ये सव्वीस पाकिटं संपली. बेडक्यात जंतू दिसले नाहीत. आत्याने बिभीषणच्या नावापुढे 'उपचार पूर्ण, बरा' असं लिहिलं. गोजरबाईने तिच्या पिशवीत ओंजळभर शेंगा टाकल्या आणि रिकाम्या पाकिटांची तार तिच्या हातात दिली. एवढी लांब तार कुणीच राखली नव्हती. आत्याने ती नगरच्या कार्यालयात नेऊन दाखवली होती.

अभ्यास पुढे दोन वर्षं चालणार होता. बरी झालेली माणसं बरीच राहतात का, हे बघायला. दर तीन महिन्यांनी आत्या फोन करायची. बरं हाय ताई, बिभीषण सांगायचा. दिवाळीला म्हणाला, जरा मंडळींचे पाय दुखतात, पण टोळीला निघालोय. जानेवारीत त्याचा फोन लागेना, तेव्हा तिने सूर्यभान मुकादमाला लावला.

"त्याची मंडळी गेली की," तो म्हणाला. "संक्रांतीच्या मागं. रक्त पडलं खोकल्यातून. दवाखान्यात न्हेलं, दुसऱ्या दिवशी गेली. न्युमोनिया लिवलंय." मग आवाज उतरवून म्हणाला, "तो गावी गेला. एकट्याला घेऊन मी तरी काय करू, म्याडम?"

आत्या दुसऱ्या दिवशीच गेली. बिभीषण घरी एकटा होता. भिंतीपाशी एक ट्रंक आणि एक बोचकं बांधून ठेवलेलं होतं. ज्योतीने त्याला शेवगावकडे बोलावलं होतं. जावई वाल्मिक रविवारी टेम्पो घेऊन येणार होता. त्याने चुलीवर चहा ठेवला. साखर किती घालायची हे त्याला माहीत नसावं. कप आत्यापुढे ठेवून तो उंबऱ्यात बसला, तिच्याकडे पाठ करून.

"ताई," तो म्हणाला, "त्या गोळ्या मी एकट्यानं न्हाई खाल्ल्या."

आत्या सांगते, की हे ऐकल्यावर तिला आधी अर्थच लागला नाही. मग त्याने सगळं सांगितलं, बाहेर बघतच. राहुरीला गेल्यावर पंधरा दिवसांत तिला खोकला लागला. त्याच्यासारखाच, संध्याकाळी ताप. दवाखान्यात सांगावं तर दोघंही आजारी म्हणून मुकादम दोघांना माघारी लावणार. मग तीच म्हणाली, दोन तुम्ही घ्या, दोन मी घेते. खोपीत जे येई ते दोघांत व्हायचं. भाकरी, कालवण, पांघरूण. सकाळी चहाच्या आधी ती हातावर चार गोळ्या काढायची आणि दोन त्याच्या हातावर ठेवायची. पाकिटं सरेपर्यंत.

"तुमी इचारायच्या, गोळ्या सरल्या का. सरल्या हुत्या. लघवी तांबडी हुती का. दोघांची बी हुती." त्याने खालच्या मातीत बोटाने काहीतरी रेघ ओढली. "लबाडी नव्हती केली आमी."

आत्याने कप हातात घेतला.

"आता तुमीच सांगा. समद्या मी खाल्ल्या असत्या, तर ती तवाच गेली असती. तिला दिल्या असत्या, तर मी. दोघांला जगायचं हुतं. मंग आमी काय चुकलो?"

याचं उत्तर आत्याकडे होतं. एका वाक्याचं होतं. तिच्या वाट्याच्या गोळ्या दवाखान्यात वेगळ्या होत्या. सांगितलं असतं तर फुकट मिळाल्या असत्या, खोपीवर आणून देणारी आत्याच होती. ते वाक्य तिने तोंडातच ठेवलं. आयुष्यात कधी प्यायली नव्हती इतका गोड चहा तिने संपवला. तेवढ्यात बिभीषण खोकला. उबळ जाईना. शेवटी तो म्हणाला, घर बंद होतं ना, धूळ साचलीय.

या वेळी आत्या हसली नाही. तिने पिशवीतून बेडक्याची डबी काढली. त्याने डबीकडे बघितलंही नाही. "बरा झाला म्हनून तुमीच लिवलंय," तो म्हणाला. मग तिला सोडायला रस्त्यापर्यंत आला आणि तिथे हात जोडले. "कुनाला बोलू नका, ताई. लोक म्हंत्याल, बायकूच्या वाटचं औशिद खाऊन जगला."

ज्योतीला दीड वर्षाची मुलगी होती, दिशा. आजोबा आले की त्यांच्या कुशीत झोपते, असं त्यानेच बोलता बोलता सांगितलं होतं.

त्यानंतरचे तीन दिवस मी आत्याकडेच होते, सुट्टीला आलेली. मला काही माहीत नव्हतं. ती बाजरी निवडायची आणि निवडलेली पुन्हा निवडायची. काटा काढून त्यावर उभी राहायची, उतरायची. बोललं तर एका माणसाने हात जोडून मागितलेला शब्द मोडतो, आणि अडतीस माणसांच्या तिच्या नीट कागदांतला एक खोटा ठरतो. न बोललं तर तो माणूस कागदावर बरा राहील आणि रविवारी एका दीड वर्षाच्या पोरीशेजारी झोपेल. तिसऱ्या दिवशी जेवताना तिने आबासाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी ताटातलं उरलेलं संपवलं. मग म्हणाले, सकाळची पहिली गाडी सहाला आहे.

नगरच्या कार्यालयात डॉक्टर मोनिका अभ्यासाचं काम बघत. वयाने आत्यापेक्षा बऱ्याच लहान, तिला ताई म्हणत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही टोकलं नाही. आधी शेवगावकडच्या दवाखान्याला फोन लावला, चिठ्ठी लिहिली. त्या घरातल्या सगळ्यांची तपासणी, लहान मुलीची आधी. मग संगणकात बिभीषणची ओळ उघडली. त्यांनी शांतपणे समजावलं : त्याने अर्धंच औषध घेतलं, पण नोंद पुऱ्या औषधाची आहे. असा माणूस पुन्हा आजारी पडला तर गोळ्या पुऱ्या घेऊनही आजार उलटला, असा चुकीचा निष्कर्ष निघेल. म्हणून तो हिशोबातून काढावा लागेल.

"आन् गोजरबाईचं काय लिहायचं?" आत्याने विचारलं.

"त्या आपल्या अभ्यासात नव्हत्याच ना, ताई. त्यांची तपासणी नाही, निदान नाही. मृत्यूच्या दाखल्यावर न्युमोनिया आहे."

"पण गोळ्या तिनं खाल्ल्या," आत्या म्हणाली.

तिने वही उलटी करून मागचा पुठ्ठा दाखवला. साडेछत्तीस. त्याखाली अडतीस. दीडच किलो, पण वाढलेलं. मोनिका मॅडमनी त्या दोन आकड्यांवरून बोट फिरवलं. पुसट झाले होते. त्यांनी एक कागद पुढे केला. नोंदीत चूक झाली की भरायचा असतो तो. चूक कशामुळे झाली, या ओळीपुढे बाकीच्या बायका सहसा 'रुग्णाने माहिती दिली नाही' असं लिहायच्या. आत्याने आपल्या गोल, सावकाश अक्षरात लिहिलं : खोकल्याचा प्रश्न मी मुकादमासमोर विचारला. खोकला ऐकला आणि धूळ समजले. खाली सही केली.

पुढच्या आठवड्यात ती शेवगावकडे गेली. बिभीषण आधीच तिथे राहायला आला होता. दवाखान्याची माणसं येऊन गेली होती आणि घरात सगळ्यांना सगळं कळलं होतं. आत्याला बघून तो उठला आणि गोठ्याकडे निघून गेला. वाल्मिकने त्याला मोटारसायकलवर बसवून बेडका द्यायला नेलं होतं, तोही दोन दिवस समजूत काढल्यावर. ज्योती तिच्याशी बोलली, पण कामापुरतं. चहा विचारला नाही. आत्या काटा काढून बसली. पहिल्यांदाच कुणाच्या तरी घरून ती चहा न घेता परत आली.

बेडक्यात जंतू निघाले. एवढं बरं, की जुनीच औषधं त्यांना लागू पडणार होती. म्हणजे पुन्हा त्याच तांबूस गोळ्या, सकाळी चार, सहा महिने. ज्योती आणि वाल्मिकच्या छातीत काही निघालं नाही. दिशालाही नाही, पण एवढ्या लहान मुलांना असा आजारी माणूस घरात असला, तर आजार होऊ नये म्हणूनच औषध देतात. तेही फुकट.

ते औषध पोचलं की नाही हे बघायला आत्या पुन्हा गेली, तेव्हा मीही बरोबर होते. सकाळचे आठ वाजले असतील. अंगणात उन्हाची तिरीप आली होती. बिभीषण ओसरीवर वेगळ्या खाटेवर होता, तोंडाला रुमाल. ज्योती दिशाला मांडीवर घेऊन वाटीत तिची गोळी पाण्यात विरघळवत होती. पोरगी पाय झाडत होती.

बिभीषण ते बघत होता. त्या दिवसापासून तो आत्याशी एक शब्द बोलला नव्हता. आता त्याने रुमाल थोडा खाली केला.

"हिला तर काय बी झालं न्हाई," तो म्हणाला. "तरी देत्यात?"

"व्हय," आत्या म्हणाली.

"पैशे?"

"न्हाई."

त्याने पुन्हा वाटीकडे बघितलं. मग तो जे बोलला, त्या बोलण्याची आत्या महिनाभर वाट बघत होती, आणि ते कधीच येऊ नये असंही तिला वाटत होतं.

"मंग तिला बी दिल्या असत्या. नुसतं बोललं असतं तर."

ज्योतीचा चमचा वाटीत थांबला. आत्याने खाली बघितलं नाही. "व्हय, भाऊ," ती म्हणाली. "दिल्या असत्या. मी पुन्हा इचाराया पायजे हुतं. बाजूला घेऊन इचाराया पायजे हुतं."

बिभीषणने मान हलवली. ती कशासाठी हलवली, हे कुणालाच कळलं नाही. त्याने उशाखालून पाकीट काढलं, अंगठ्याने दाबून एकेक गोळी तळहातावर घेतली. चार झाल्या. मग बोटाने त्यातल्या दोन एका कडेला सारल्या. उरलेल्या दोन तोंडात टाकल्या, तांब्या उचलून पाणी प्यायला.

तांब्या खाली ठेवला, तरी त्याचा हात तसाच पुढे राहिला. त्यावर दोन गोळ्या होत्या. त्या घ्यायला शेजारी कुणी बसलेलं नव्हतं.

दिशाने औषध थुंकलं, ज्योतीने ते पदराने टिपून पुन्हा चमचा भरला. बिभीषण हाताकडे बघत होता. मग त्याने त्या दोन गोळ्याही तोंडात टाकल्या आणि या वेळी पाणी न घेताच गिळल्या.

आत्याने कागद काढला. किती गोळ्या घेतल्या, या रकान्यात तिने चार लिहिलं. त्यापुढे जागा नव्हती, म्हणून समासात लिहिलं : समोर बसून, एकट्याने.

आत्या उठली, तशी ज्योतीने तिला खूण केली. चुलीवर चहाचं आधण ठेवलेलं होतं. आत्या पुन्हा बसली.